‘सेव्हंटी-टू सीझन्स’वरची दुभंगलेली मते कशी नोंदवली: फोंड्यातील प्रकल्प नोंदी

१६ एप्रिल २०२३, रविवार

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘सेव्हंटी-टू सीझन्स’ हा अल्बम १४ एप्रिलला प्रसिद्ध झाला आणि दोन दिवसांत गोव्यातल्या आमच्या ओळखीच्या मेटल ऐकणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट पडले. आधीचा ‘हार्डवायर्ड... टू सेल्फ-डिस्ट्रक्ट’ नोव्हेंबर २०१६ मध्ये आला होता. एवढी वर्षे वाट पाहिलेल्यांपैकी एका तटाचे म्हणणे असे की गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड आणि ड्रमवादक लार्स उलरिक साठीच्या उंबरठ्यावर असूनही हा जोर टिकून आहे हेच पुष्कळ झाले. दुसऱ्या तटाला ७७ मिनिटांच्या या अल्बममध्ये थ्रॅश, म्हणजे जुन्या मेटॅलिकाचे वेगवान आक्रमक मेटल, औषधालाही सापडत नाही. वाद फोनवर आणि चहाच्या गाड्यावर जोरात चालू आहेत, पण त्यांतून हाती काही लागत नाही, कारण एकजण बोलत असतो नव्या अल्बमच्या तिसऱ्या गाण्याविषयी आणि दुसरा उत्तर देत असतो १९८६ सालच्या अल्बमविषयी.

तेव्हा आम्ही तिघांनी ठरवले की ही मते गाण्यागणिक, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजात, मराठीत किंवा कोंकणीत ध्वनिमुद्रित करायची आणि त्यांचा तासाभराचा श्राव्य कार्यक्रम करायचा. दुसऱ्या एखाद्या बँडच्या बाबतीत कोणाला असेच करावेसे वाटले तर उपयोगी पडावे म्हणून या नोंदी ठेवत आहे.

जागा म्हणून ढवळी येथील एका मित्राच्या जुन्या घराची वसरी (ओसरी) मिळाली आहे. भाड्याचे सभागृह घेण्याचा विचार लगेच सोडून दिला, कारण तेथे ध्वनिमुद्रित संगीत जाहीरपणे वाजवायचे तर परवान्यांचा खर्च वाढतो आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही. घरात मित्रमंडळींना बोलावून ऐकायचे असेल तर फक्त शेजाऱ्यांची समजूत काढावी लागते.

२३ एप्रिल, रविवार

पहिले सत्र झाले आणि त्यातून कार्यक्रमात वापरता येईल असे जवळपास काहीच मिळाले नाही.

फोंडा, म्हापसा, मडगाव, वास्को आणि डिचोली येथून एकवीस जण आले. आम्ही फोनवरून स्ट्रीमिंग लावले, बाराही गाणी सलग वाजवली आणि शेवटी कोऱ्या चिठ्ठ्या वाटून ‘अल्बम कसा वाटला?’ असा एकच प्रश्न विचारला. सातव्या गाण्याच्या, म्हणजे ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’च्या सुमारास माणसे उठून अंगणात जाऊ लागली, नवव्याला वसरीत निम्मी उरली होती, आणि अकरा मिनिटांचे शेवटचे गाणे पूर्ण ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. चिठ्ठ्यांवर ‘भारी’, ‘रटाळ’, ‘पंचवीस मिनिटे कापा’, ‘लार्सला कोणीतरी आवरा’ असला मजकूर आला. एकाने फक्त अंगठा काढला होता, तोही सुलटा की उलटा हे कळत नव्हते.

ध्वनिमुद्रणाचीही तीच गत झाली. एप्रिलचा उकाडा, डोक्यावर दोन जुने पंखे, आणि मायक्रोफोनमध्ये माणसांच्या बोलण्यापेक्षा पंख्यांचा घरघराट अधिक. संगणकावर तो काढून टाकायचा प्रयत्न केला तेव्हा आवाज डब्यातून आल्यासारखे झाले. असे करू पाहणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावे की ऐकण्याची जागा आणि बोलण्याची जागा वेगळी असली पाहिजे. आम्ही आता आतल्या कोठाराच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगणार आहोत आणि एका वेळी एकालाच, पंखा बंद करून, पाच मिनिटांसाठी बसवणार आहोत. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्या खोलीत कोणी घामाने टिकणार नाही, त्यामुळे भाषणेही आपोआप आटोपशीर होतील.

२६ एप्रिल, बुधवार

चिठ्ठीचा नमुना बदलला. जुन्या चिठ्ठ्या पुन्हा वाचताना लक्षात आले की बहुतेकांनी जे लिहिले ते ऐकण्याच्या आधीच ठरलेले होते. याला ठोस कारण आहे. ‘लक्स एटेर्ना’ २८ नोव्हेंबर २०२२ रोजीच आले होते, ‘स्क्रीमिंग सुइसाइड’ जानेवारीत, ‘इफ डार्कनेस हॅड अ सन’ मार्चच्या पहिल्या दिवशी आणि शीर्षकगीत ३० मार्चला. म्हणजे अल्बम हाती पडण्यापूर्वीच बारापैकी चार गाण्यांवर, एकूण तेवीस मिनिटांच्या संगीतावर, महिनोन्महिने भांडून झाले होते. उरलेल्या आठ गाण्यांवर लोकांनी तेच निकाल लावून टाकले.

नव्या चिठ्ठीवर प्रत्येक गाण्यासाठी एक ओळ आहे आणि तीन रकाने आहेत: हे गाणे आधी किती वेळा ऐकले, आत्ता ऐकताना लक्ष कोठे गेले, आणि ते अल्बममध्ये राहावे की जावे. ‘आवडले का’ हा प्रश्न मुद्दाम गाळला आहे. त्या प्रश्नाला माणूस आपल्या तटाचे उत्तर देतो.

पहिल्या पानावर, अल्बम कशावर ऐकला, तेही लिहायला सांगितले आहे. फोनचा स्पीकर, ब्लूटूथ डबा, गाडीतील संच, हेडफोन की एलपी (मोठी विनाइल तबकडी), एवढे पर्याय पुरेत.

३० एप्रिल, रविवार

मडगावच्या एका संग्राहकाने, ज्यांना आम्ही सगळे अंकल म्हणतो, आपली एलपी आणि टर्नटेबल घेऊन येण्याचे कबूल केले. अल्बम दोन तबकड्यांवर आहे आणि प्रत्येक बाजूला तीन गाणी आहेत, म्हणजे एका बाजूला सतरा ते एकवीस मिनिटांचे संगीत. तबकडी उलटण्याची सक्तीची विश्रांती मिळाली तर सातव्या गाण्याला होणारी गळती थांबते का, हे पाहायचे होते.

सकाळ मात्र एका घुमणाऱ्या आवाजापायी गेली. स्पीकर सुरू करताच खर्जात एकसारखा ‘हूं’ येऊ लागला आणि आवाज वाढवला की तोही वाढू लागला. केबल बदलली, स्पीकर बदलले, दुसऱ्या खोलीतून वीज आणली, तरी फरक पडला नाही. शेवटी अंकलनी टर्नटेबलच्या मागे हात घातला आणि केसासारखी बारीक हिरवी तार बाहेर काढली. तिचे टोक चिमट्यासारख्या पत्र्याचे होते आणि ते फोनो ॲम्प्लिफायरच्या मागच्या छोट्या मळसूत्री खुंटीखाली अडकवायचे असते. प्रवासासाठी ते सोडवून टर्नटेबलखाली दुमडून ठेवले होते. टोकाला चढलेला गंज त्यांनी नखाने खरवडला, तार अडकवून खुंटी पिळली आणि हूं जागच्या जागी थांबला. एलपी वापरणार असाल तर वीज आणि स्पीकर तपासण्याआधी ही अर्थिंगची तार पाहावी. आमचे चार तास वाचले असते.

त्यानंतर ढवळीच्या हवेतील दमटपणामुळे तबकडीवर चिकटून बसलेली धूळ पुसणे, सुईवरचा केसांचा गुंता मऊ ब्रशने मागून पुढे काढणे आणि टर्नटेबल वसरीच्या लाकडी फळ्यांवरून उचलून दगडी सोप्यावर ठेवणे, एवढे करावे लागले. फळ्यांवरून कोणी चालले की सुई उडत होती.

७ मे, रविवार

हे सत्र आमच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ बरे झाले, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

एकोणीस जण आले. प्रत्येक बाजूनंतर पंधरा मिनिटे थांबायचे, चिठ्ठीवर तीन गाण्यांच्या ओळी भरायच्या आणि ज्याला बोलायचे आहे त्याने कोठारात जायचे, असा नियम होता. चहा, पातळ भाजी आणि उंडे (गोव्यातले पाव) दुसऱ्या बाजूनंतर ठेवले. आधी ठेवले असते तर कोणी परत आत आले नसते.

पहिल्या बाजूला तट ठळक दिसले. जुन्या चार अल्बमांच्या, म्हणजे १९८३ ते १९८८ या काळातील मेटॅलिकाच्या भक्तांनी शीर्षकगीताच्या सुरुवातीला माना हलवल्या आणि दुसऱ्या मिनिटाला हाताची घडी घातली. त्यांच्यापैकी वास्कोचे एक गृहस्थ आहेत, ज्यांना बोटीवर नोकरी करणारे काका परदेशातून कॅसेटी आणून देत. त्यांची तक्रार अशी की रिफ (गिटारीचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) चांगली आहेत, पण प्रत्येक रिफ दोनदा जास्त वाजते. समोरच्या रांगेत बसलेली डिचोलीची महाविद्यालयीन मुलगी २०२२ च्या जुलैत एका गाजलेल्या मालिकेत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे १९८६ चे गाणे ऐकून या बँडकडे आली होती. तिला रिफचे पुन्हा पुन्हा येणेच आवडले. ती म्हणाली, “काका, तुम्ही पुढे काय येणार याची वाट बघता, मी आहे तिथेच नाचते.” वास्कोच्या या काकांनी यावर मान डोलावली, पण चिठ्ठीवर ‘जावे’ असेच लिहिले.

दुसऱ्या बाजूला काहीतरी वेगळे घडले. ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’ आणि ‘यू मस्ट बर्न!’ ही दोन्ही गाणी सात-सात मिनिटांची, जड आणि संथ चालीची आहेत. त्यांच्या पाठोपाठ साडेतीन मिनिटांहून लहान असलेले ‘लक्स एटेर्ना’ येते. नोव्हेंबरमध्ये एकटे आले तेव्हा ‘नेहमीचेच’ म्हणून हिणवलेले हे गाणे चौदा मिनिटांच्या संथपणानंतर सुटले, तेव्हा ज्यांनी पूर्वी त्याची टर उडवली होती ते तिघे उभे राहिले. कवळ्याच्या भजनी मंडळातील एक तबलावादक केवळ कुतूहल म्हणून आले होते. त्यांनी मेटॅलिका पूर्वी ऐकलेली नव्हती. त्यांचे निरीक्षण कोठारात नोंदवले आहे ते असे: विलंबितानंतर द्रुत आले म्हणून ते द्रुत वाटले, नाहीतर त्याची लय फार चढी नाही. मेटल ऐकणाऱ्यांपैकी एकानेही हे गाणे त्याच्या जागेवरून तोलले नव्हते, कारण सगळ्यांनी ते सुटेच ऐकले होते.

तिसऱ्या बाजूला, जेथे पहिल्या सत्रात माणसे पळाली होती, तेथे या वेळी सगळे बसून होते. आवडले असे म्हणता येणार नाही. ‘चेसिंग लाइट’च्या ओळीत लक्ष कोठे गेले या रकान्यात बऱ्याच जणांनी ‘पंख्याकडे’, ‘भाजीच्या वासाकडे’ असे प्रामाणिकपणे लिहिले. पण ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’ला पहिल्या सत्रात जेथे कोणी वाली नव्हता, तेथे आता पाच जणांनी ते ‘राहावे’ असे म्हटले. गाणे तेच होते, फक्त त्याच्या आधी चहा झाला होता.

चौथ्या बाजूच्या शेवटी ‘इनामोराटा’. ११ मिनिटे १० सेकंद. केवळ मेटॅलिकाच्या नावावर निघालेल्या अल्बममधील त्यांच्या स्वतःच्या रचनांत याहून लांब गाणे नाही. कागदावर पाहिले तर लांबीविषयी कुरकुरणाऱ्यांनी हेच आधी कापायला हवे होते. प्रत्यक्षात मध्यभागी गिटारी मागे सरून रॉबर्ट ट्रुहिलोची बास गिटार पुढे आली, तेव्हा वसरीत कोणी बोलत नव्हते, आणि चिठ्ठ्यांवर ‘जावे’ असे फक्त दोघांनी लिहिले. माझ्या मते अल्बम लांब आहे ही तक्रार खरी असली तरी तिचे निदान चुकते. लांब गाण्यांनी माणसे थकत नाहीत, एकाच चालीची तीन-चार मध्यम गाणी ओळीने आली की थकतात.

१४ मे, रविवार

आजचे काम आवाजाविषयीच्या तक्रारीचे होते. ‘जुन्या अल्बमात ढोल छातीवर बसायचा, यात बसत नाही’ हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या प्रकारे म्हटले की ते तपासणे भाग पडले. मेटॅलिकाच्या बाबतीत ही शंका नवी नाही. २००३ च्या ‘सेंट अँगर’मधील स्नेअर या ढोलाच्या टणटण आवाजावर अजून विनोद होतात, २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’चा आवाज इतका दाबून मोठा केला होता की हजारो चाहत्यांनी नव्याने मिक्स करण्याची मागणी करणाऱ्या अर्जावर सह्या केल्या, आणि एका व्हिडिओ गेममधील त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती लोक आवडीने ऐकू लागले.

जुने आणि नवे शेजारी शेजारी वाजवायचे तर दोन्हींची पातळी सारखी असली पाहिजे, कारण किंचित मोठा वाजणारा तुकडा कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. आम्ही ऑडॅसिटी या मोफत प्रणालीतील लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरून दोन्ही तुकडे उणे २० एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचे एकक) आणले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या तुकड्याला वर उचलून नव्याच्या पातळीला नेऊ नये, कारण त्याची उंच शिखरे कापली जातात. नव्यालाच खाली आणावे. दुसरे म्हणजे, स्ट्रीमिंगवर ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची २०१७ ची रीमास्टर केलेली, म्हणजे आवाजावर नव्याने संस्कार केलेली, आवृत्ती मिळते, त्यामुळे ‘जुना आवाज’ म्हणून ती वाजवण्यात अर्थ नाही. वास्कोच्या काकांकडील जुनी सीडी उपयोगी पडली.

परिणाम दोन्ही तटांना गैरसोयीचा निघाला. पातळी सारखी केल्यावर नव्या अल्बममधील ढोल खरोखरच सपाट वाटला, असे नव्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य केले. पण गिटारींचा पोत आणि हेटफील्डचा आवाज यांविषयी जुन्या भक्तांनी आपले शब्द मागे घेतले. ग्रेग फिडेलमन, हेटफील्ड आणि उलरिक यांच्या निर्मितीत ताल-गिटारीचा प्रत्येक खालचा फटका सुटा ऐकू येतो. फोनच्या स्पीकरवर तोच एक गुरगुराट होतो. चिठ्ठ्यांची पहिली पाने चाळली तेव्हा दिसले की ‘आवाज चिखल आहे’ असे लिहिणारे बहुतेक जण अल्बम गाडीत किंवा ब्लूटूथ डब्यावर ऐकणारे होते.

तुकडे न ओळखता मत घेण्याचा बेत मात्र फसला. कोणता तुकडा कोणता हे सांगायचे नाही असे ठरवले होते, पण या मंडळींना दोन सेकंदांत गाणे, साल आणि कोणत्या बाजूचे कितवे तेही कळते. अनोळखी म्हणून उपयोगी पडले ते एकटे तबलावादकच.

२१ मे, रविवार

दुपारी तीनला वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही. स्पीकर बंद, म्हणून बोलणी तेवढी नोंदवली. ध्वनिमुद्रक बॅटरीवर चालणारा असल्यामुळे आणि पंखेही बंद असल्यामुळे, आजची मुद्रणे सर्वांत स्वच्छ आली आहेत.

२८ मे, रविवार

कोठारात आज दोन विषयांवर सविस्तर बोलणी झाली.

पहिला विषय गिटारवादक कर्क हॅमेटच्या सोलोंचा, म्हणजे गाण्याच्या मध्ये तो एकट्याने वाजवतो त्या तुकड्यांचा. म्हापशाच्या गिटार शिक्षकाने गिटारच आणली आणि दाखवून दिले की अनेक सोलो पेन्टाटोनिकच्या (पाच स्वरांच्या स्वरमालेच्या) त्याच त्या घरात फिरतात व वाह-वाह पेडल (पायाने स्वराचा पोत बदलणारे उपकरण) दाबून ते झाकले जाते. हॅमेटने स्वतः सांगितले आहे की या अल्बमसाठी त्याने बरेच सोलो आधी न बसवता उत्स्फूर्त वाजवले. शिक्षकाच्या मते हा आळसाला दिलेला गोंडस मुलामा आहे. पणजीच्या एका जॅझ वाजवणाऱ्याने उत्तर दिले की उत्स्फूर्त वाजवलेले रोज चांगले होत नाही, हाच त्याचा धर्म आहे, आणि चाळीस वर्षे बसवून वाजवणाऱ्याने साठाव्या वर्षी तो धोका पत्करला तर निदान त्याला त्या मापाने मोजावे. दोघांचे म्हणणे मी न कापता ठेवणार आहे. मला स्वतःला शिक्षकाचे पटते, पण ‘रूम ऑफ मिरर्स’च्या उत्तरार्धातील जोडगिटारींचा भाग ऐकताना पटत नाही.

दुसरा विषय शब्दांचा. ७२ ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षे, त्या काळात अंगावर पडलेले ओझे पुढे कसे वाहिले जाते, ही हेटफील्डची कल्पना. (डिचोलीच्या मुलीचा हिशेब असा की आपल्या सहा ऋतूंनी मोजले तर अठरा वर्षांत १०८ होतात आणि जपमाळ पुरी होते.) हेटफील्ड सोळा वर्षांचा असताना त्याची आई कर्करोगाने गेली, आणि आईवडिलांच्या पंथश्रद्धेमुळे घरात वैद्यकीय उपचारांना थारा नव्हता. २०१९ मध्ये तो पुन्हा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलावा लागला. ज्यांना हे ठाऊक आहे ते अल्बमकडे नरम नजरेने पाहतात, आणि ज्यांना ठाऊक नाही ते तो केवळ संगीत म्हणून तोलतात. घरात दारूपायी झालेली ओढाताण पाहिलेल्या एका श्रोत्याने सांगितले की ‘स्क्रीमिंग सुइसाइड’ त्याने सलग कित्येक रात्री ऐकले आणि सोलो कसा आहे याकडे त्याचे लक्षच गेले नाही. त्याच्या विनंतीवरून नाव आणि गाव काढले आहे. अशा बोलण्यासाठी लेखी संमती घ्यावी, आणि मुद्रण झाल्यावर पुन्हा एकदा विचारावे; रात्री मोकळेपणे बोललेले सकाळी नकोसे वाटू शकते.

२०११ च्या ३० ऑक्टोबरला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर झालेला कार्यक्रम पाहिलेले तिघे आले होते. दोन दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम रद्द झाल्यामुळे तो मेटॅलिकाचा भारतातला पहिलाच कार्यक्रम ठरला होता. त्या तिघांचे नव्या अल्बमविषयीचे बोलणे वापरता येण्यासारखे नाही, कारण प्रत्येक वाक्य बंगळूरच्या चिखलावर जाऊन थांबते.

४ जून, रविवार

सर्व चिठ्ठ्यांतील ‘राहावे की जावे’ हा रकाना मोठ्या तक्त्यावर उतरवला. अल्बम लांब आहे, यावर एकोणीसपैकी सोळा जणांचे एकमत आहे. मग कोणती गाणी काढायची? जुन्या चार अल्बमांच्या भक्तांनी गाळलेले ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’ हे १९९१ च्या ‘मेटॅलिका’ या, काळा अल्बम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्बमवर वाढलेल्यांना सर्वांत प्रिय; या दुसऱ्या गटाने गाळलेले ‘टू फार गॉन?’ हे भक्तांना वेगामुळे हवे. तरुणांनी ‘यू मस्ट बर्न!’ काढले तर ढोल वाजवणारे दोघेही त्यावर अडून बसले. बहुमताने गाळता येईल असे एकच गाणे निघाले, ‘चेसिंग लाइट’, आणि त्याचीही बाजू घेणारे चौघे आहेत. पावणेसात मिनिटे काढून अल्बम सत्तर मिनिटांचा उरतो, म्हणजे तक्रार जागच्या जागी राहते.

आम्ही मे महिनाभर दोन तट, दोन तट म्हणत होतो ते तक्त्यावर दिसतच नाहीत. दिसतात ती निरनिराळी माणसे, जी एका वाक्यावर एकत्र येतात आणि पुढच्या वाक्याला फुटतात. कार्यक्रमाचा आराखडा ‘बाजूने’ आणि ‘विरुद्ध’ अशा दोन भागांत आखला होता, तो आज रद्द केला. जवळजवळ अर्धे संपादन वाया गेले.

११ जून, रविवार

नवे संपादन एलपीच्या चार बाजूंप्रमाणे केले आहे. अल्बममधील संगीत अजिबात वापरलेले नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी योग्य वापराची मुभा आहे हे खरे, परंतु ध्वनिफिती आपोआप तपासणाऱ्या यंत्रणा कलमे वाचत नाहीत आणि दावा लागला की तो सोडवण्यात आठवडे जातात. दोन वक्त्यांच्या मध्ये काहीतरी वाजायला हवे होते, म्हणून तबलावादकांच्या मंडळातील एका घुमटवादकाने (घुमट हे गोव्याचे मातीचे तालवाद्य) ‘लक्स एटेर्ना’च्या लयीत स्वतःचे चार-चार सेकंदांचे तुकडे वाजवून दिले. ते इतके जमले आहेत की अंकलनी आणखी मागितले.

कोंकणी बोलणी तशीच ठेवली आहेत. भाषांतर करून दुसऱ्याच्या आवाजात टाकले तर बोलणाऱ्याचा राग निघून जातो.

१८ जून, रविवार

खर्च असा झाला: चहा, भाजी आणि उंडे मिळून ५,२००, मडगावहून टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर आणण्या-नेण्याची गाडी ३,६००, मेमरी कार्ड आणि केबल १,९००, ब्रश आणि तबकडी पुसण्याचे द्रावण ८५०, चिठ्ठ्यांची छपाई ३४०. एकूण ११,८९० रुपये. स्पीकर, ध्वनिमुद्रक आणि एलपी उसन्या मिळाल्या. त्या विकत घ्यायच्या झाल्या असत्या तर हा प्रकल्प झालाच नसता.

कार्यक्रम एक तासाची सलग फाईल म्हणून द्यायचा होता, तो चार फायलींत दिला आहे, प्रत्येक बाजूची एक, कारण सलग ऐकवल्यावर आमच्याही कार्यक्रमातून लोक सातव्या वक्त्याला उठून गेले असते. तिसऱ्या बाजूची फाईल सर्वांत लहान, नऊ मिनिटांची आहे. ‘चेसिंग लाइट’ची बाजू घेणाऱ्या चौघांपैकी दोघांची मुद्रणे पहिल्या सत्रातल्या पंख्याखाली गेली होती, ती पुन्हा घेण्यासाठी त्यांना पुढल्या रविवारी बोलावले आहे, आणि पाऊस सुरू झाल्यामुळे आता कोठाराच्या कौलांवरच्या आवाजाचे काय करायचे ते पाहावे लागेल.